खलनायकाला काळीज देणारा माणूस

अमेरिकेतील दुपारच्या दूरचित्रवाणी मालिका हे एकेकाळी गृहिणींचे हक्काचे विश्व होते. साबण आणि धुण्याची पावडर विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींवर पोसलेल्या या मालिकांना त्यावरूनच 'सोप ऑपेरा' हे नाव पडले. मोडलेली लग्ने, लपवलेली अपत्ये, रुग्णालयातील प्रेमप्रकरणे आणि वारसाहक्काचे तंटे यांपलीकडे त्यांची कथा सहसा जात नसे. या सुरक्षित, घरगुती विश्वात १९६७च्या एप्रिल महिन्यात एक शवपेटी उघडली गेली. साखळदंडांनी बांधलेल्या त्या पेटीतून एक हात बाहेर आला आणि पेटी उघडणाऱ्या चोराच्या नरड्यावर आवळला गेला. त्या एका हाताने दुपारच्या मालिकांचे गणित बदलून टाकले.

ही मालिका म्हणजे 'डार्क शॅडोज' आणि तिचे जनक होते डॅन कर्टिस. पडीक वाडे, शाप, चेटकिणी, रक्तपिपासू मृतात्मे आणि काळाच्या मागेपुढे उड्या मारणारे कथानक यांचा असा खच दररोजच्या मालिकेत तोवर कोणी घातला नव्हता. मात्र कर्टिस यांचे महत्त्व केवळ भुते आणण्यात नाही. खलनायकाचा द्वेष करता करता प्रेक्षक त्याच्यावर जीव लावू शकतो, हे त्यांना या मालिकेने शिकवले. हा धडा त्यांनी काहीशा अनिच्छेनेच घेतला. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात, जिथे कोणताही शाप नाही आणि कोणतीही सबब नाही, अशा खऱ्याखुऱ्या दुष्टतेला त्यांना कॅमेऱ्यासमोर उभे करावे लागले. या दोन टोकांमधला प्रवास म्हणजे कर्टिस यांचे आयुष्य.

गोल्फच्या मैदानातून कॉलिन्सवुडकडे

डॅनियल मेयर चेरकॉस हे त्यांचे मूळ नाव. १२ ऑगस्ट १९२७ रोजी कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या औद्योगिक शहरात एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सिरॅक्यूज विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी दूरचित्रवाणी व्यवसायात प्रवेश केला तो लेखक वा दिग्दर्शक म्हणून नव्हे, तर विक्रेता म्हणून. तयार कार्यक्रम वाहिन्यांना आणि केंद्रांना विकणे हे त्यांचे काम होते. प्रेक्षक कशाने खिळतो, जाहिरातदार कशाला पैसे मोजतो आणि वाहिनीचे अधिकारी कशाला घाबरतात, याचे शिक्षण त्यांना याच नोकरीत मिळाले. पुढे त्यांनी स्वतःची निर्मिती सुरू केली ती गोल्फच्या कार्यक्रमाने. गोल्फ हा त्यांचा आवडता खेळ होता आणि सीबीएस वाहिनीवरील त्यांच्या गोल्फ स्पर्धेच्या कार्यक्रमाने त्यांना निर्माता म्हणून ओळख मिळवून दिली. भयकथांशी त्यांचा तोवर काडीचाही संबंध नव्हता.

१९६५मध्ये त्यांना एक स्वप्न पडले, असे ते नंतर वारंवार सांगत. लांब केसांची एक तरुणी आगगाडीतून एकटीच प्रवास करते आहे, एका निर्मनुष्य स्थानकावर उतरते आहे आणि एका प्रचंड वाड्याच्या दारापाशी जाऊन उभी राहते आहे, एवढेच ते स्वप्न होते. वाड्यात कोण आहे, तरुणी कशासाठी आली आहे, याचा पत्ता स्वप्नात नव्हता. पत्नी नॉर्मा यांनी उत्तेजन दिल्यावर कर्टिस यांनी ही कल्पना एबीसी वाहिनीकडे नेली. तीन मोठ्या वाहिन्यांमध्ये एबीसी त्यावेळी मागे होती आणि गमावण्यासारखे फारसे नसल्याने नवे काही करून पाहण्यास तयार होती. लेखक आर्ट वॉलेस यांनी त्या स्वप्नाला कथेचा सांगाडा दिला आणि २७ जून १९६६ रोजी मालिका सुरू झाली.

मेन राज्यातील कॉलिन्सपोर्ट हे काल्पनिक बंदर, तेथील कॉलिन्सवुड हा वाडा आणि तेथे मुलाला शिकवण्यासाठी येणारी व्हिक्टोरिया विंटर्स ही अनाथ तरुणी, अशी ती सुरुवात होती. वाड्याची मालकीण एलिझाबेथ अठरा वर्षे घराबाहेर पडलेली नाही. ही भूमिका करण्यासाठी कर्टिस यांनी जोन बेनेट यांना आणले. १९४०च्या दशकात फ्रित्झ लांग यांच्या चित्रपटांतून गाजलेल्या या अभिनेत्रीमुळे मालिकेला आरंभीच वजन आले.

रहस्याचा डाव आणि भुतांचा प्रवेश

पहिल्या काही महिन्यांत मालिकेत भुते जवळजवळ नव्हतीच. खलनायक होते ते माणसेच. एलिझाबेथचा भाऊ रॉजर हा घमेंडखोर आणि भित्रा. त्याचा लहानगा मुलगा डेव्हिड बापाच्या मोटारीच्या ब्रेकचा भाग काढून ठेवतो आणि बाप मरता मरता वाचतो. खुनाचा ठपका ज्याच्यावर येईल असे प्रेक्षकाला वाटत राहते तो निर्दोष ठरतो आणि मालकिणीशी एकनिष्ठ असलेला नोकर मॅथ्यू मॉर्गन याच्या हातून मृत्यू घडल्याचे उघड होते. पुढे जेसन मॅग्वायर नावाचा एक इसम एलिझाबेथला धमकावू लागतो. अठरा वर्षांपूर्वी नवऱ्याचा आपल्या हातून खून झाला आणि तो तळघरात पुरला आहे, अशी तिची समजूत असते. घराबाहेर न पडण्याचे कारण तेच. अखेर तळघर खणले जाते तेव्हा पेटीत काहीच सापडत नाही. नवरा मेलेलाच नसतो. एका खोट्या गोष्टीवर पहारा देण्यात एका स्त्रीची अठरा वर्षे गेलेली असतात. भुताखेतांची मदत न घेता दिलेली ही कलाटणी मालिकेतील उत्तम कलाटण्यांपैकी एक म्हणावी लागेल.

मात्र प्रेक्षकसंख्या वाढत नव्हती. मालिका बंद होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा कर्टिस यांनी सगळेच पणाला लावायचे ठरवले. आधी वाड्यातील पूर्वज स्त्रियांची भुते आली आणि खुनी नोकर मॅथ्यू त्यांनाच पाहून भीतीने मेला. त्यानंतर डेव्हिडची आई लॉरा परतली. ती प्रत्यक्षात अग्नीतून पुनःपुन्हा जन्म घेणारी आणि स्वतःच्या मुलाला सोबत जाळून नेऊ पाहणारी अमानवी शक्ती निघाली. आई हीच खलनायिका असणे हे दुपारच्या मालिकेत धक्कादायक होते. प्रेक्षक सरसावून बसू लागले. बुडायचेच असेल तर व्हॅम्पायर आणून बुडू, या जिद्दीने कर्टिस यांनी पुढचे पाऊल टाकले आणि बार्नबस कॉलिन्सची शवपेटी उघडली.

न मेलेला बार्नबस

बार्नबस ही भूमिका जोनाथन फ्रिड या कॅनडातील नटाच्या वाट्याला आली. लंडन आणि येल येथे नाट्यशिक्षण घेतलेल्या, बेचाळीस वर्षांच्या या शेक्सपिअरप्रेमी रंगकर्मीला ही थोड्या आठवड्यांची नोकरी वाटली होती. कर्टिस यांचाही बेत तोच होता. व्हॅम्पायर यावा, काही बळी घ्यावेत आणि शेवटी छातीत खुंटी ठोकून त्याचा निकाल लावावा, एवढाच विचार झाला होता.

इंग्लंडहून आलेला दूरचा नातेवाईक असे सोंग घेऊन बार्नबस वाड्यात प्रवेश करतो. त्याचे वागणे अदबशीर आणि बोलणे जुन्या वळणाचे. भिंतीवरील पूर्वजाच्या तसबिरीशी त्याचा चेहरा तंतोतंत जुळतो, पण तो पूर्वज हाच आहे हे घरातील कोणालाच उमगत नाही. गावातील मॅगी इव्हान्स या मुलीला तो पळवून नेतो. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गमावलेल्या जोसेट या प्रेयसीचा पोशाख तिला घालायला लावतो, तिच्या हाती जोसेटची संगीतपेटी देतो आणि मॅगीने स्वतःला विसरून जोसेट व्हावे म्हणून तिचा छळ मांडतो. हा निःसंशय खलनायक होता. पण तो रक्तासाठी जितका आसुसलेला होता, तितकाच हरवलेल्या माणसासाठीही, हे प्रेक्षकांनी हेरले.

याला एक अनपेक्षित हातभार लागला तो चित्रीकरणाच्या पद्धतीचा. मॅनहॅटनमधील छोट्या स्टुडिओत आठवड्याला पाच भाग जवळजवळ सलग, थेट प्रक्षेपणासारखे ध्वनिचित्रफितीवर मुद्रित होत. चित्रफीत थांबवून जोडणे खर्चाचे असल्याने चुका तशाच राहत. ध्वनिक्षेपक चौकटीत डोकावे, नेपथ्य हले, नट संवाद विसरे. फ्रिड यांना पाठांतराचे भय होते आणि संवाद लिहिलेल्या फलकांकडे त्यांची नजर सारखी वळे. त्यांच्या चेहऱ्यावरची ती घालमेल प्रेक्षकांना बार्नबसच्याच अंतरंगातील घालमेल वाटली. नटाची भीती पात्राचे दुःख होऊन बसली.

पत्रांचा पाऊस पडू लागला. शाळा सुटताच मुले धावत घर गाठू लागली. खलनायकाला मारणे आता परवडणारे नव्हते. पण मुलींना कोंडून ठेवणारा आणि माणसे मारणारा खलनायक जिवंत ठेवायचा तर प्रेक्षकाने त्याला क्षमा का करावी, हा प्रश्न कर्टिस आणि त्यांच्या लेखकांपुढे उभा राहिला. त्यांनी आणलेले पहिले उत्तर म्हणजे डॉ. ज्युलिया हॉफमन. ग्रेसन हॉल यांनी साकारलेली ही डॉक्टर बार्नबसचे गुपित ओळखते, त्याच्यावर औषधोपचार करू पाहते आणि त्याच्या प्रेमात पडते. तीही थोड्याच दिवसांची पाहुणी ठरायची होती. प्रत्यक्षात ती अखेरपर्यंत टिकली. मात्र तिची वाट सोपी नव्हती. गुपित फुटू नये म्हणून आपल्याच स्नेह्याच्या, डॉ. वुडर्ड यांच्या हत्येत ती बार्नबसची भागीदार होते. दुष्टपणा एका माणसापुरता राहत नाही, त्याच्यावर माया करणाऱ्यालाही तो आपल्यात ओढतो, हे या प्रसंगाने दाखवले.

प्लँचेटमधून १७९५मध्ये

दुसरे उत्तर अधिक धाडसी होते. नोव्हेंबर १९६७मध्ये कॉलिन्सवुडमध्ये प्लँचेट केले जाते. दिवे विझतात आणि पुन्हा उजेड होतो तेव्हा व्हिक्टोरिया नाहीशी झालेली असते. तिच्या जागी वेगळीच स्त्री बसलेली असते. व्हिक्टोरिया पोहोचते १७९५मध्ये. चालू कथानक जागच्या जागी थांबवून मालिका सुमारे चार महिने गतकाळातच राहिली. तेच नट नव्या वेशात पूर्वज म्हणून उभे राहिले. दररोजच्या मालिकेत हा प्रयोग अभूतपूर्व होता. कालचे कथानक आज कोठे गेले, असे विचारत प्रेक्षक दूर गेला असता तर मालिका तेथेच संपली असती. झाले उलटेच.

या पर्वात बार्नबस हा जिवंत, उमदा तरुण आहे. जोसेटशी त्याचे लग्न ठरले आहे. पण जोसेटची दासी अँजेलिक हिच्याशी त्याचा पूर्वी संबंध आलेला असतो आणि ती चेटकीण असते. लारा पार्कर यांनी निळ्या डोळ्यांच्या थंड नजरेने उभी केलेली ही खलनायिका मालिकेचा दुसरा आधारस्तंभ ठरली. तिच्या मंत्रामुळे जोसेट बार्नबसच्या काकाच्या, जेरेमायाच्या प्रेमात पडते. काका-पुतण्याच्या द्वंद्वात काकाचा बळी जातो. बहिणीचा जीव वाचवण्यासाठी बार्नबसला अँजेलिकशी लग्न करावे लागते. तिचे खरे रूप कळल्यावर तो तिच्यावर गोळी झाडतो आणि मरणाच्या दारात असलेली ती त्याला शाप देते. त्या शापानेच तो व्हॅम्पायर होतो. जोसेट कड्यावरून उडी घेते, आई विष घेते. आपल्याला ठार करावे म्हणून मुलगा बापाची विनवणी करतो. बापाचा हात मात्र उठत नाही. शेवटी तो पोटच्या पोराला साखळदंडांत जखडून शवपेटीत बंद करतो.

एप्रिलमध्ये प्रेक्षकांनी पाहिलेल्या साखळ्यांचा अर्थ असा काही महिन्यांनी उलगडला. पेटीतील राक्षसाला कोंडणारे हात बापाचे होते.

याच पर्वात रेव्हरंड ट्रास्क हा धर्मोपदेशक येतो. जेरी लेसी यांनी रंगवलेल्या या पात्राजवळ कोणतीही अमानवी शक्ती नाही. आहे ती फक्त स्वतःच्या पावित्र्याची खात्री. खरी चेटकीण त्याच्या डोळ्यांसमोर वावरते आणि तो निष्पाप व्हिक्टोरियावर चेटुकाचा खटला भरून तिला फासापर्यंत नेतो. मालिकेतील सर्वांत चीड आणणारा खलनायक कोण, याचे उत्तर अनेक प्रेक्षक आजही ट्रास्क असेच देतील. बार्नबस त्याला भिंतीत जिवंत चिणतो, तेव्हा एडगर अॅलन पो यांच्या प्रसिद्ध कथेची आठवण येते आणि त्याच वेळी प्रेक्षक नकळत व्हॅम्पायरच्या बाजूने उभा राहिलेला असतो.

उसनवारी आणि अतिरेक

पो यांच्यापुरतीच ही उसनवारी थांबली नाही. १९६८मध्ये फ्रँकेनस्टाइनच्या धर्तीवर ॲडम हा कृत्रिम मानव आला. त्यानंतर हेन्री जेम्स यांच्या कथेची सावली असलेले, दोन मुलांना झपाटणारे क्वेंटिन कॉलिन्सचे मूक भूत आले. मुलांना सोडवण्यासाठी बार्नबस मार्च १९६९मध्ये १८९७ सालात जातो, तेव्हा हेच भूत एक हसतमुख, बेफिकीर तरुण म्हणून समोर येते. डेव्हिड सेल्बी यांच्या या क्वेंटिनवर पौर्णिमेला लांडगा होण्याचा शाप असतो आणि डोरियन ग्रेप्रमाणे एक तसबीर त्याला त्यातून सोडवते. थेअर डेव्हिड यांचा काउंट पेटोफी हा तुटलेल्या हातात जादू असलेला वृद्ध खलनायक त्याच्याशी देहाची अदलाबदल करतो. रॉबर्ट कोबर्ट यांनी रचलेली क्वेंटिनची धून १९६९मध्ये लोकप्रिय गीतांच्या यादीत पोहोचली. कादंबऱ्या, चित्रकथा, खेळ यांनी दुकाने भरली.

पण याच सूत्राला लवकरच मर्यादा पडल्या. १८९७चे पर्व संपल्यावर आलेले लेव्हायथन या प्राचीन शक्तीचे कथानक प्रेक्षकांना रुचले नाही. भूतकाळ झाला, भविष्यकाळ झाला, समांतर काळही झाला. प्रत्येक खलनायक शापित निघू लागला की शापाची किंमत उतरते. कर्टिस स्वतःही थकले होते.

१९७०मध्ये त्यांनी मालिकेवर 'हाउस ऑफ डार्क शॅडोज' हा चित्रपट काढला आणि दिग्दर्शनही केले. या चित्रपटात त्यांनी बार्नबसचा मूळ बेत तडीस नेला. दयामाया नसलेला, रक्ताचे पाट वाहवणारा हा बार्नबस शेवटी मारला जातो. निर्मात्याच्या मनात पहिल्यापासून असलेला खलनायक तो हाच. चित्रपट चालला, पण प्रेक्षकांच्या मनात राहिला तो दुपारचा, पश्चात्तापाने पोळलेला बार्नबस. या वादात जीत प्रेक्षकांची झाली, असेच म्हणावे लागेल.

मालिकेची अखेरची मोठी कलाटणीही याच बाजूची साक्ष देते. १८४० सालातील कथानकात अँजेलिक आपल्या शक्तींचा त्याग करते. तिनेच सारे आयुष्य उद्ध्वस्त केले, तीच खरी प्रिया होती हे बार्नबसला उमगते. तो ते सांगू पाहतो तोच ट्रास्कच्या वंशजाच्या गोळीने ती मरते. २ एप्रिल १९७१ रोजी १,२२५व्या भागाने मालिका संपली. शेवटच्या भागात एका तरुणीच्या मानेवर दोन खुणा सापडतात आणि प्रेक्षक श्वास रोखतो. निवेदक सांगतो की तो चावा केवळ एका जनावराचा होता. पाच वर्षे भुते दाखवणाऱ्या मालिकेने निरोप घेताना भूत नसल्याची ग्वाही दिली. ही गंमत रसिकांना आजही आवडते.

मृतात्म्यांकडून माणसांकडे

मालिका संपल्यावर कर्टिस यांनी भयपटांची वाट सोडली नाही, पण त्यांचे खलनायक बदलू लागले. जानेवारी १९७२मध्ये त्यांनी निर्मिलेला 'द नाइट स्टॉकर' हा तोवरचा सर्वाधिक पाहिला गेलेला दूरचित्रवाणी चित्रपट ठरला. रिचर्ड मॅथेसन यांची पटकथा असलेल्या या चित्रपटात लास व्हेगासच्या झगमगाटात व्हॅम्पायर हिंडतो आणि कोल्चॅक नावाचा वार्ताहर त्याचा माग काढतो. व्हॅम्पायर मारला जातो. पण कलाटणी त्यानंतर आहे. शहराचे अधिकारी सत्य दडपतात आणि वार्ताहरालाच शहराबाहेर हाकलतात. रक्तपिपासू तर एकच होता. त्याला झाकणारे अनेक. पुढे 'द एक्स-फाइल्स' या मालिकेच्या निर्मात्याने या चित्रपटाचे ऋण मान्य केले.

१९७४मध्ये प्रसारित झालेल्या 'ड्रॅक्युला'त जॅक पॅलन्स यांचा काउंट हरवलेल्या पत्नीचा चेहरा शोधत इंग्लंडला येतो. ब्रॅम स्टोकर यांच्या कादंबरीत हे नाही. ते आले बार्नबस आणि जोसेटकडून. १९७६च्या 'बर्न्ट ऑफरिंग्ज'मध्ये तर खलनायक हे घरच आहे. सुट्टी घालवायला आलेल्या कुटुंबाला ते गिळते आणि प्रत्येक मृत्यूबरोबर त्याच्या भिंती ताज्या होत जातात.

त्यानंतरचे वळण मात्र कोणीही अपेक्षिले नव्हते. हर्मन वूक यांच्या दुसऱ्या महायुद्धावरील दोन बृहत्कादंबऱ्या पडद्यावर आणण्याचे काम कर्टिस यांनी स्वीकारले. 'द विंड्स ऑफ वॉर' १९८३मध्ये, तर 'वॉर अँड रिमेम्ब्रन्स' १९८८ आणि १९८९मध्ये एबीसीवर दाखवली गेली. दुसऱ्या मालिकेचा खर्च दहा कोटी डॉलरच्या पुढे गेला आणि लांबी तीस तासांच्या घरात. गोल्फ आणि भुते यांवर नाव कमावलेल्या निर्मात्याच्या हाती हा विषय सोपवण्याबद्दल शंका घेणारे कमी नव्हते.

या मालिकेतील छळछावणीची दृश्ये कर्टिस यांनी पोलंडमध्ये प्रत्यक्ष ऑशविट्झ येथे चित्रित केली. एका व्यावसायिक कथामालिकेला तशी परवानगी मिळणे ही असाधारण गोष्ट होती. त्यांच्या निर्मितीसंघात ब्रान्को लुस्टिग होते, जे लहानपणी स्वतः ऑशविट्झमध्ये कैदी होते आणि पुढे 'शिंडलर्स लिस्ट'चे एक निर्माते म्हणून ऑस्कर विजेते झाले. दोन दशके प्रेक्षकांना भीती दाखवणाऱ्या, ज्यू कुटुंबात जन्मलेल्या कर्टिस यांच्यापुढे येथे सारीच हत्यारे बोथट होती. धुके नको होते, कडाडणारी वीज नको होती, चढते संगीत नको होते. मुख्य म्हणजे खलनायकाच्या पूर्वायुष्यातील एखादी जखम दाखवून त्याला समजून घेण्याची मुभा नव्हती. छावणीतील अधिकारी कागदपत्रे तपासतात, आकडे मांडतात, वेळापत्रक पाळतात. त्यांच्यावर कोणत्याही चेटकिणीचा शाप नाही. बार्नबसला रात्री शिकारीला निघताना स्वतःचा तिरस्कार वाटे. यांना तसे काहीही वाटत नाही. भय येते ते त्यातूनच.

१९८९मध्ये 'वॉर अँड रिमेम्ब्रन्स'ला सर्वोत्कृष्ट लघुमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला. वाहिनीला मात्र मोठा तोटा झाला आणि इतक्या भव्य लघुमालिकांचे युगच ओसरले. आपल्या सर्व कामांत कर्टिस यांना या युद्धमालिकांचा अभिमान अधिक होता आणि त्यांच्यामुळेच आपण ओळखले जावे अशी त्यांची इच्छा होती.

मागे उरलेली सावली

लोकांना हवा होता तो बार्नबसच. जानेवारी १९९१मध्ये कर्टिस यांनी एनबीसी वाहिनीवर नव्या संचात 'डार्क शॅडोज' पुन्हा आणली. आखाती युद्धाच्या बातम्यांनी प्रक्षेपणाच्या वेळा विस्कळीत झाल्या आणि बारा भागांत ती आटोपली. २००४मध्ये केलेला आणखी एक प्रयत्न प्रायोगिक भागापुढे गेला नाही. कर्टिस काम करतच राहिले. २००५मध्ये त्यांनी दिग्दर्शित केलेला 'अवर फादर्स' हा चित्रपट बॉस्टनमधील धर्मगुरूंनी केलेल्या बालकांच्या लैंगिक शोषणावर आणि ते वर्षानुवर्षे झाकून ठेवणाऱ्या वरिष्ठांवर होता. पावित्र्याच्या आडून चालणाऱ्या क्रौर्याचा विषय ट्रास्कच्या निर्मात्याला नवा नव्हता. फरक एवढाच की, येथे तो कपोलकल्पित राहिला नव्हता.

मार्च २००६मध्ये पत्नी नॉर्मा यांचे निधन झाले. मेंदूतील गाठीने आजारी असलेले कर्टिस त्यानंतर वीस दिवसांनी, २७ मार्च रोजी लॉस एंजलिस येथे कालवश झाले. ज्या स्त्रीने एका अर्धवट स्वप्नाची मालिका करण्याचा आग्रह धरला, तिच्यामागे ते फार दिवस राहिले नाहीत. मृत्युलेखांत युद्धमालिकांचा गौरव होता, एमी पुरस्काराचा उल्लेख होता. पण बहुतेकांच्या मथळ्यात होते ते व्हॅम्पायरच्या मालिकेचेच नाव. २०१२मध्ये टिम बर्टन यांनी जॉनी डेप यांना घेऊन 'डार्क शॅडोज'चा चित्रपट केला. त्यात एका क्षणापुरते दिसलेले जोनाथन फ्रिडही चित्रपट झळकण्यापूर्वीच एप्रिलमध्ये गेले.

दुपारच्या मालिकांच्या ध्वनिचित्रफिती त्या काळी सर्रास पुसून पुन्हा वापरल्या जात. 'डार्क शॅडोज'चे मात्र एक वगळता सारे भाग टिकले आहेत आणि त्या एकाचाही ध्वनी उपलब्ध आहे. त्यामुळे हलणाऱ्या भिंती, चौकटीत डोकावणारे ध्वनिक्षेपक आणि फलकावरील ओळ शोधणारी बार्नबसची नजर आजही जशीच्या तशी पाहता येते. त्यानंतर पडद्यावर आणि पुस्तकांत पश्चात्तापदग्ध, प्रेमविव्हल व्हॅम्पायरांची रांगच लागली. त्या रांगेच्या अग्रभागी बार्नबस आहे.

त्या साऱ्यांपेक्षा कर्टिस यांचा वारसा थोडा वेगळा आहे. खलनायकाची जखम दाखवली तर प्रेक्षक त्याच्यासाठी रडतो, हे त्यांना मालिकेच्या धावपळीत आणि मनाविरुद्ध उमगले. त्या युक्तीवर त्यांना उरलेले आयुष्य सुखाने काढता आले असते. त्यांनी तसे केले नाही. कोणत्या दुष्टतेला काळीज द्यायचे आणि कोणत्या दुष्टतेला ते द्यायचे नाही, हा भेद त्यांनी कॉलिन्सवुडच्या तळघरापासून ऑशविट्झच्या फाटकापर्यंतच्या प्रवासात ओळखला. लोकांनी त्यांना पहिल्यासाठी लक्षात ठेवले. त्यांनी स्वतः मोल मानले ते दुसऱ्याचे.